महाराष्ट्रात नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन काढताय? जागा बघण्यापासून इन्स्पेक्शनपर्यंत सगळं क्रमाने

छोटं हॉस्पिटल काढायचं ठरलं की बहुतेक डॉक्टर आधी जागा घेतात, मग इंटिरियरवाला येतो, मशीनची कोटेशन्स येतात, उद्घाटनाची तारीख ठरते आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं, अरे रजिस्ट्रेशनचं काय झालं? मग धावपळ सुरू. माझं स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा करायला हवा. लायसन्स म्हटलं की आपल्याला फाइल, झेरॉक्स आणि शिक्के डोळ्यासमोर येतात पण खऱ्या अडचणी येतात त्या जिन्याच्या, वायरिंगच्या आणि नर्सिंग स्टाफच्या, आणि भाडेकरारावर सही झाल्यावर जिना रुंद होत नाही. म्हणून हा लेख थोडा मोठा आहे, निवांत वाचा आणि जागा फायनल करायच्या आधी वाचा.

आधी कुठला कायदा लागू होतो ते बघा

बरेच जण केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याबद्दल वाचून येतात आणि त्याचे फॉर्म शोधत बसतात. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे खाजगी हॉस्पिटलला लागू आहे तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९. हा मूळचा मुंबई प्रांताचा कायदा, म्हणून जुन्या कागदांवर त्याचं नाव 'बॉम्बे नर्सिंग होम्स' असं दिसतं. त्याचे नियम १९७३ चे आहेत आणि त्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये मोठी सुधारणा झाली, ती फार महत्त्वाची आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

कायद्यातली नर्सिंग होमची व्याख्या खूप रुंद आहे. आजारी, जखमी किंवा अशक्त माणसाला ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा नर्सिंग होम, प्रसूतिगृहही त्यातच. म्हणजे 'आमच्याकडे दोनच बेड आहेत', 'आम्ही फक्त डे केअर करतो' असं म्हणून सुटका होत नाही. नुसती ओपीडी असेल, पेशंट भरती होतच नसेल तर या कायद्याखाली नोंदणी लागत नाही, पण बायोमेडिकल वेस्टचं ऑथोरायझेशन मात्र त्या छोट्या क्लिनिकलाही लागतं, हे अनेकांच्या लक्षातच नसतं.

अर्ज कुणाकडे? महापालिका हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग बघतो. हद्दीबाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. तुमचं गाव किंवा उपनगर नेमकं कुणाच्या हद्दीत येतं हे आधी विचारून घ्या, विशेषतः शहराच्या कडेला असाल तर, कारण हद्दवाढ झालेली असते आणि शेजारच्या हॉस्पिटलचं जुनं सर्टिफिकेट बघून तुम्ही चुकीच्या ऑफिसात फाइल देऊन येता.

जागा: इथे घाई करू नका

जागा बघायला जाताना सोबत आर्किटेक्ट न्या आणि मालकाकडून मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि वापराचा प्रकार मागा. रहिवासी इमारतीतला फ्लॅट जोडून हॉस्पिटल करायचं असेल तर वापर बदलाची परवानगी लागते, सोसायटीची ना हरकत लागते आणि हे दोन्ही तोंडी आश्वासनावर सोडू नका. 'सगळे असंच करतात, नंतर होऊन जाईल' म्हणणारा ब्रोकर रिन्यूअलच्या वेळी तुमच्यासोबत नसतो.

मग जिना. नकाशात जिना नेहमीच छान दिसतो. पण स्ट्रेचर घेऊन वळता येतं का ते प्रत्यक्ष बघावं लागतं, म्हणजे खरोखर स्ट्रेचर आणायचं, त्यावर एक माणूस झोपवायचा, दोघांनी पुढून-मागून धरायचं आणि वरच्या मजल्यावरून खाली यायचं. लँडिंगवर स्ट्रेचर आडवं अडकलं, एका बाजूने उचलून तिरकं करावं लागलं, सलाईनचा स्टँड रेलिंगला लागला, तर समजून जा की लाईट गेल्यावर, लिफ्ट बंद असताना, धुरात हे होणार नाही. मी तर म्हणेन की टोकन द्यायच्या आधी ही एक गोष्ट करा, बाकी सगळं नंतर. बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, तो रस्ता उघडा आहे का की तिथे कुणी गोडाऊन केलंय, अँब्युलन्स आणि फायर ब्रिगेडची गाडी गेटपर्यंत येते का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

फायरचं काम मनापासून करा

महाराष्ट्रात आग प्रतिबंधासाठी २००६ चा वेगळा कायदा आहे आणि त्याखाली जबाबदारी मालकाची आणि जागा वापरणाऱ्याची आहे. फायर एनओसी हे एकदा मिळवून फ्रेम करायचं प्रकरण नाहीये. शासनाने लायसन्स दिलेल्या एजन्सीकडून यंत्रणा बसवायची, तपासून घ्यायची आणि दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशी दोनदा फॉर्म बी भरून ती चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट द्यायचं.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आग लागली, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत. तिन्ही ठिकाणी असे पेशंट होते जे स्वतः उठून पळू शकत नव्हते. हे वाचून पुढे जाऊ नका, आपल्या आयसीयूत उभं राहून बघा. वॉर्मर, व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, एसी, सगळं चोवीस तास चालू असतं आणि हवेत ऑक्सिजनचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असतं, त्यामुळे एक छोटी ठिणगी सुद्धा भराभर पसरते. बेडच्या मागे एक्स्टेन्शन बोर्डात एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला असेल, प्लग हाताला गरम लागत असेल, एसीचा पॉइंट आणि मॉनिटरचा पॉइंट एकाच लाइनवर असेल तर इलेक्ट्रिशियनला आज बोलवा. मंजूर लोड किती आहे आणि प्रत्यक्षात किती मशीन लावलीत याचा हिशेब कागदावर मांडून घ्या, नवीन मशीन आलं की परत मांडा.

आणि स्टाफला आग विझवायचा सिलिंडर चालवता आला पाहिजे. भिंतीवर आहे पण नाईटच्या मावशींना पिन कुठली ओढायची माहीत नाही, तर तो असून नसल्यासारखा. ड्रिल रात्रीच्या शिफ्टचीही घ्या, कारण तेव्हाच माणसं कमी असतात. ऑक्सिजनची मेन व्हॉल्व्ह कुठे आहे आणि आग लागल्यावर ती कुणी बंद करायची हे नावानिशी ठरलेलं असू द्या. १००० लिटरच्या वरची लिक्विड ऑक्सिजनची टाकी बसवणार असाल तर पेसोचं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, लायसन्स वेगळं लागतं, सिलिंडर मोठ्या संख्येने साठवणार असाल तरी पेसोचे नियम बघावे लागतात.

बायोमेडिकल वेस्ट

याचे नियम २०१६ चे आहेत आणि ऑथोरायझेशन देतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे एमपीसीबी. बेड असलेल्या हॉस्पिटलला यासोबत मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे कन्सेंटही घ्यावा लागतो. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर स्वतःची भट्टी वगैरे लावता येत नाही, त्या केंद्राची मेंबरशिप घ्यायची, त्यांची गाडी येऊन बारकोड लावलेल्या पिशव्या नेते. न प्रक्रिया केलेला कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही, त्यामुळे गाडी रोज येत नसेल तर करार करतानाच विचारा, सुट्टीच्या दिवशी काय होणार तेही विचारा.

रंग चार आहेत. पिवळ्यात शरीराचे भाग, रक्ताने माखलेला कापूस-ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये दूषित प्लॅस्टिक, म्हणजे आयव्ही सेट, कॅथेटर, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज. पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काच आणि धातूचे इम्प्लांट. चार्ट सगळीकडे लावलेला असतो तरी घोटाळा होतोच आणि तो साधारणपणे एकाच ठिकाणी होतो, प्रोसिजर संपल्यावर ट्रे आवरताना. डॉक्टर सुई ट्रेमध्ये टाकून निघून जातात, ती कापसाखाली जाते, आवरणारी मावशी सगळं एकत्र उचलते आणि सुई तिच्या हातात घुसते. म्हणून सुई ज्याने वापरली त्यानेच तिथल्या तिथे पांढऱ्या डब्यात टाकायची हा नियम करा आणि डबा ट्रॉलीवरच ठेवा, कॉरिडॉरच्या टोकाला नको. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं नियमातच आहे, त्याची नोंद ठेवा. ती इन्स्पेक्शनला मागतात हे खरं, पण त्या बाईचं आयुष्य त्यावर आहे.

रोज रंगानुसार वजन रजिस्टरला लिहायचं, वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत द्यायचा, ३० किंवा त्याहून जास्त बेड असतील तर वेस्टसाठी कमिटी हवी.

स्टाफ: सर्टिफिकेट हातात घेऊन बघा

नोंदणी नाकारायची जी कारणं कायद्यात आहेत त्यात पात्र नर्स पुरेशा नसणं हे एक आहे. जाहिरात देऊन 'अनुभवी सिस्टर' घेतल्या जातात पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, ती चालू आहे का, कुणी बघत नाही. डॉक्टरांचंही तेच. एमएमसीचं, म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं, रिन्यूअल दर पाच वर्षांनी असतं, त्याला ३० क्रेडिट पॉइंट लागतात, आणि व्हिजिटिंग डॉक्टरांपैकी एखाद्याचं संपलेलं निघतंच. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे आरएमओ (निवासी डॉक्टर) असतील तर त्यांच्या त्यांच्या कौन्सिलची नोंदणी लावा. एक साधा तक्ता करा, नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक, मुदत कधी संपते, आणि तो अ‍ॅडमिनच्या भिंतीवर असू द्या.

माझा आग्रह असा की नाईट ड्यूटीचा चार्ट फाइलसाठी वेगळा आणि प्रत्यक्ष वेगळा असं अजिबात करू नका. भरती झालेल्या पेशंटच्या नातेवाईकाने तुमच्यावर विश्वास टाकून घरी जाऊन झोपायचं ठरवलेलं असतं.

अर्ज आणि फॉर्म बीचा गोंधळ

नर्सिंग होमचा अर्ज फॉर्म बीमध्ये असतो आणि सर्टिफिकेट फॉर्म सीमध्ये मिळतं. आता गंमत बघा, फायरच्या सहामाही सर्टिफिकेटलाही फॉर्म बी म्हणतात, सोनोग्राफीच्या रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटलाही फॉर्म बी आणि गर्भपात केंद्राच्या मान्यतेलाही फॉर्म बी. ऑफिसातून फोन आला की 'तुमचा फॉर्म बी लागलेला नाही' तर कुठला ते पहिल्यांदा विचारा, आणि फाइलच्या टॅबवर कायद्याचं नाव लिहा.

अर्जात जागेचं वर्णन, बेडची संख्या, डॉक्टर-नर्सेसची नावं आणि पात्रता, सोयीसुविधा हे सगळं येतं. बेडची संख्या फायर, एमपीसीबी आणि नर्सिंग होम अशा तिन्ही अर्जांत एकच असू द्या. एकीकडे १५, दुसरीकडे २० आणि वॉर्डात प्रत्यक्ष २३ असं निघालं की पुढचं सगळं संशयाने बघितलं जातं. पोर्टलची लॉगिन्स हॉस्पिटलच्या स्वतःच्या ईमेल आणि मोबाइलवर काढा. एजंटकडून फॉर्म भरून घ्यायला हरकत नाही पण ओटीपी त्याच्या फोनवर जात असेल तर तीन वर्षांनी रिन्यूअलला तो माणूस सापडत नाही आणि तुमचीच फाइल तुम्हाला उघडता येत नाही.

सोबतची लायसन्स

सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याखाली वेगळं रजिस्ट्रेशन. नुसत्या सोनोग्राफी सेंटरला फी २५,००० रुपये, एकत्र सेवा देणाऱ्या हॉस्पिटलला ३५,०००, मुदत ५ वर्षं. रजिस्ट्रेशन नसेल तर विक्रेत्याला मशीन विकताच येत नाही. डॉक्टर, जागा किंवा मशीन बदलायचं असेल तर ३० दिवस आधी कळवायचं. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा रिपोर्ट. आणि गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ पूर्ण भरा, एकही रकाना रिकामा नको, कारण रेकॉर्ड नीट न ठेवणं ही निव्वळ कारकुनी चूक मानता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. ज्या राज्यात मुलींची संख्या घटताना आपण बघितलीये तिथे मला हा कडकपणा योग्यच वाटतो.

एक्स-रे, सी-आर्म, सीटी असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर जायचं आणि स्टाफला किरणोत्सर्गाचं प्रमाण मोजणारे टीएलडी बॅज द्यायचे. हॉस्पिटलमध्ये मेडिकल स्टोअर असेल तर एफडीएचं (अन्न व औषध प्रशासन) लायसन्स आणि रजिस्टर्ड फार्मासिस्ट. गर्भपात सेवा देणार असाल तर खाजगी जागेला जिल्हास्तरीय समितीची मान्यता. लिफ्टचं लायसन्सही विसरू नका.

तुम्ही हॉस्पिटलऐवजी दुसरी संस्था काढत असाल तर ऑफिसच बदलतं. मानसोपचार केंद्र, किंवा मानसिक आजार असलेल्यांना ठेवून घेणारं कुठलंही ठिकाण असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू होतो, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आधी १२ महिन्यांची तात्पुरती नोंदणी होते आणि नोंदणी नसेल तर पहिल्या वेळीच ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. मुलांसाठीचं बालगृह असेल तर बाल न्याय कायदा, २०१५, तिथे नोंदणीशिवाय संस्था चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. दिव्यांगांसाठीच्या संस्थेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणी. 'आम्ही सेवाभावी ट्रस्ट आहोत' हे उत्तर यातल्या कुठल्याच ठिकाणी चालत नाही आणि चालूही नये, तिथली माणसं तक्रार करायला सगळ्यात असमर्थ असतात.

२०२१ नंतर भिंतीवर काय हवं

रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट सहज दिसेल असं लावायचं हे जुनंच आहे. २०२१ च्या नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि १५ बाबींचं दरपत्रक लावणं बंधनकारक केलं. भरती फी, बेडचा रोजचा दर, डॉक्टरांची व्हिजिट, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग, ऑक्सिजन, पॅथॉलॉजी, एक्स-रे हे सगळं त्यात येतं. तक्रार निवारण कक्षाचा टोल फ्री नंबरही लावायचा. हे मराठीत लावा, मोठ्या अक्षरात लावा आणि रिसेप्शनच्या समोर लावा. काही ठिकाणी दरपत्रक असतं पण झाडाच्या कुंडीमागे, चष्मा लावूनही वाचता येऊ नये इतक्या बारीक टाइपात. भिंतीवर आधीच वाचलेला दर बिलात आला की काउंटरवरचे अर्धे वाद होतच नाहीत.

आणि बिल थकलंय म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवायचं नाही, मृतदेह अडवायला तर नियमांनी स्पष्ट बंदी केली आहे. हे बिलिंगच्या मुलांना, सिक्युरिटीवाल्याला लेखी द्या, कारण रात्री दोन वाजता निर्णय तेच घेत असतात. औषधं आमच्याच दुकानातून घ्या अशी सक्ती करता येत नाही. इमर्जन्सीमध्ये आलेल्या पेशंटला आधी स्थिर करायचं, मग हलवायचं असेल तर हलवायचं. केसपेपर मागितले तर ७२ तासांत द्यायचे.

इन्स्पेक्शन आणि नोटीस

अधिकारी कधीही येऊ शकतात. आले की घाबरून फाइल शोधू नका, एक जबाबदार माणूस ठरलेला असावा, तो सोबत फिरेल, जे विचारलं तेवढंच आणि खरं सांगेल. जे अजून झालेलं नाही ते 'झालंय' म्हणू नका, कधीपर्यंत होईल ते लेखी द्या. वॉर्डातला एक ऑक्सिजन फ्लोमीटर, क्रॅश कार्टमधल्या (इमर्जन्सीच्या ट्रॉलीतल्या) औषधांच्या तारखा, वेस्ट रूमचं कुलूप, फ्रिजचं टेम्परेचर रजिस्टर, नजर नेहमी इथेच जाते, त्यामुळे दर आठवड्याला सिस्टर इनचार्जने स्वतः एक चक्कर मारावी.

नोंदणीची मुदत तिसऱ्या वर्षीच्या ३१ मार्चला संपते. जानेवारीत कामाला लागा, तोपर्यंत फायरचा जानेवारीचा फॉर्मही हातात असतो. मालक बदलला किंवा जागा बदलली तर जुनं सर्टिफिकेट पुढे चालत नाही.

नोंदणी नाकारायची किंवा रद्द करायची असेल तर आधी किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि बाजू मांडायची संधी मिळते, त्यानंतरही आदेश विरोधात गेला तर राज्य सरकारकडे अपील करता येतं. नोटीस आली की ती ड्रॉवरमध्ये ठेवू नका. त्यातला प्रत्येक मुद्दा वेगळा लिहा, त्याखाली काय दुरुस्ती केली ते, तारखेसह फोटो, एजन्सीचं बिल, आणि उत्तर देऊन पोच घ्या. पोच नसेल तर उत्तर दिलंच नाही असं धरलं जातं.